आरसा, काटा आणि मे महिना

मामाच्या गावाहून परतलेल्या पोराला दारातच ऐकू येतं, "किती काळवंडलास रे!" उन्हाने त्वचा मळत नाही. अतिनील किरणांपासून पेशी वाचवायला शरीर मेलॅनिन वाढवतं, म्हणून ती गडद होते. वरचा थर साधारण महिनाभरात नवा होत राहतो, तसा हा रंगही हळूहळू उतरतो. त्यासाठी लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, भाजल्यासारखे डाग उठू शकतात. 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली १९७५ साली. तिच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. आत्या-मावश्यांच्या बोलण्यातून ते कधी जाईल, देव जाणे.

काट्याचंही तेच. लिटरभर घाम गेला की वजन किलोभर कमी दिसतं आणि पाणी पोटात गेलं की परत येतं. चरबी जागची हललेलीही नसते. लग्नसराईतल्या 'झटपट बारीक' उपायांची निम्मी जादू ही एवढीच. आणि बिचारा आंबा! शंभर ग्रॅम गरात जेमतेम ६० कॅलरी, म्हणजे एका पोळीहूनही कमी. वजन-उंचीवरून काढायच्या बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. एकट्यादुकट्याची तब्येत त्या आकड्यावरून ठरत नाही.

घरातलं कुणी सतत जेवण टाळत असेल, जेवल्यावर उलटी काढत असेल किंवा ऐन उकाड्यातही अंग झाकून बसत असेल, तर टोमणे नकोत, डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेली मानस' हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.