वाढत्या वयातील क्रीडादुखापती व त्यांचा प्रतिबंध

बालक म्हणजे प्रौढ खेळाडूची लहान प्रतिकृती नव्हे. बालकाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे वृद्धिपट्ट असतात व हाडांची लांबी तेथेच वाढते. हा भाग पक्व हाडापेक्षा नाजूक असतो. त्यामुळे ज्या आघाताने प्रौढाचा केवळ अस्थिबंध ताणला जातो, त्याच आघाताने बालकाच्या वृद्धिपट्टास इजा होऊ शकते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास हाड आखूड अथवा वाकडे राहण्याचा धोका संभवतो.

या दुखापती दोन प्रकारच्या असतात : आकस्मिक व अतिवापरजन्य. पहिल्या पडण्या-आदळण्याने होतात. दुसऱ्या, एकच हालचाल पुरेशा विश्रांतीविना वारंवार केल्याने हळूहळू उद्भवतात. किशोरवयीन वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्यातील ताणजन्य अस्थिभंग हे त्याचे परिचित उदाहरण होय.

प्रतिबंधाचे उपाय खर्चिक नाहीत. अमेरिकेतील लिटल लीग बेसबॉलने २००७ पासून चेंडूफेकीवर वयानुसार दैनिक मर्यादा घातली. ७ ते १३ वर्षे वयाच्या फुटबॉलपटूंसाठी सुमारे २० मिनिटांचा ‘फिफा ११+ किड्स’ हा पूर्वव्यायाम तयार करण्यात आला. चार युरोपीय देशांतील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे दुखापतींचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

म्हणूनच पूर्वव्यायाम, सरावावर मर्यादा व विश्रांतीचे दिवस यांना क्रीडा वेळापत्रकात निश्चित स्थान असावे. वेदना सहन करणे म्हणजे जिद्द, ही समजूतही बदलली पाहिजे. बालकाची दुखण्याची तक्रार ही सबब नसून पूर्वसूचना असते. ती वेळीच ऐकणे हे क्रीडाशिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.