परताव्याचा ई-मेल खरा की बनावट?

नवी दिल्ली : प्राप्तिकर विवरणपत्र भरून झाले की करदाता परताव्याची वाट पाहू लागतो. नेमक्या याच काळात ‘परतावा मंजूर झाला आहे, खात्याचा तपशील तातडीने भरा’ असे ई-मेल येतात. प्रत्यक्षात परतावा ई-फायलिंग पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. प्राप्तिकर विभाग ई-मेलद्वारे पिन, ओटीपी किंवा पासवर्ड विचारत नाही.

प्रेषकाचे नाव कोणालाही हवे ते लिहिता येते. दुव्याचा पत्ता तपासावा, तोही डोमेनच्या शेवटाकडून: ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द कोठेही घुसडता येतो, ‘गव्ह डॉट इन’ मात्र केवळ सरकारी संस्थांनाच मिळते. नोटीस आल्याचा दावा असेल, तर तीवरील दस्तऐवज ओळख क्रमांक पाहावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद वगळता, तो बंधनकारक असून पोर्टलवर पडताळता येतो. पोर्टल मात्र ई-मेलमधील दुव्यावरून उघडू नये. पत्ता स्वतः टंकित करावा.

तपशील भरला गेलाच असेल, तर संकोचात वेळ दवडू नये. बँकेला कळवून खात्यावरील व्यवहार थांबवावेत आणि लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वीच ती गोठवणे शक्य असते.