एक्स-रे स्वच्छ, म्हणून दुखणं खोटं?

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. अशा काही रुग्णांना स्वतःच्या भावना ओळखणं जड जातं. छाती धडधडते, पोट आवळतं; पण ती भीती, राग की नुसता थकवा, हे उमगत नाही. मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात याला 'ॲलेक्सिथायमिया' हे नाव दिलं. हा आजार नव्हे, कमीअधिक प्रमाणात आढळणारा स्वभावविशेष आहे.

यावरून निघालेला सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे 'दुखणं मनाचं', अर्थात खोटं. वेंगुर्ल्यात काजू कारखान्यात दिवसभर बसून बिया फोडणारी बाई 'कंबर दुखता' एवढंच सांगते. घरचं विचारलं तर 'काय नाय'. एक्स-रे स्वच्छ आला की तिला नाटकी ठरवायला घरचे तयारच असतात, आणि कधीकधी दवाखान्यातलेही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०२० सालच्या सुधारित व्याख्येत वेदना हा संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव आहे. इजा तपासणीत दिसलीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. मग ती अट लावतं कोण?

'भावना दाबल्या म्हणून दुखतं, एकदा मोकळं रडा' हा सल्लाही तितकाच पोकळ. 'पेन' या नियतकालिकातल्या २०१९च्या आढाव्यानुसार जुनाट वेदनेच्या रुग्णांत भावना ओळखण्याची अडचण इतरांपेक्षा जास्त आढळते. पण तिचा वेदनेच्या तीव्रतेशी संबंध क्षीण आहे, नैराश्य आणि चिंतेशी बराच अधिक. आधी काय आणि मागून काय, हेही अशा आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय मोजणीतही मेख आहे. ॲलेक्सिथायमिया मोजणाऱ्या टोरंटो मापनश्रेणीच्या २० विधानांपैकी एक डॉक्टरांनाही न कळणाऱ्या शारीरिक संवेदनांविषयी आहे. निदान न झालेला कंबरदुखीचा रुग्ण त्याला 'हो'च म्हणणार!

अशा माणसांना भावनाच नसतात, हे चूक; असतात, ओळखू येत नाहीत. ही बायकांचीच तक्रार, हेही चूक. सरासरीत पुरुषांचे गुण किंचित जास्तच भरतात.

उपचारात अस्थिरोगतज्ज्ञ सोडायचा नसतो, समुपदेशन जोडायचं असतं. त्यासाठी मोठं शहरच गाठावं लागतं असंही नाही. शेजारच्या गोव्यात 'संगात' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नेमून नैराश्य-चिंतेवर काम केलं. सरकारी केंद्रांतले रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाल्याचं २०१०मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं. आपल्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.