रवांडाला पहिल्यांदा निघताय? तिकीट काढण्याआधी ही कामं उरका, जाणून घ्या सविस्तर

पूर्व आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे केनियाची सफारीच डोळ्यासमोर येते. पण त्याच भागातला रवांडाही पाहण्यासारखा आहे. क्षेत्रफळ फक्त २६,३३८ चौरस किलोमीटर. आपले पुणे आणि अहिल्यानगर जिल्हे एकत्र केले तरी त्याहून मोठे भरतील! त्यामुळे आठवडाभरात बरंच बघून होतं. मात्र तयारीचा क्रम चुकला तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

आधी लस
बरेच जण या सहलीला केनिया किंवा युगांडा जोडतात, काहींचा इथिओपियात मुक्काम पडतो. हे तिन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या (यलो फीवर) यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही, ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. कार्ड लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं, पण मग आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच डॉक्टरांना विचारून घ्या.

मग गोरिलाचा परवाना
व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानातले डोंगरी गोरिला हे मोठं आकर्षण. परदेशी पर्यटकाला परवाना १,५०० डॉलरला पडतो, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर! त्यात गोरिलांजवळ एकच तास मिळतो. एका गटात आठच जण आणि वय किमान १५ वर्षं. जागा मोजक्याच असल्याने आधी परवान्याची तारीख पक्की करा, मगच विमानाचं तिकीट काढा. सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, कारण माणसाचा आजार गोरिलांना लागतो. एवढा खर्च झेपत नसेल तर अकागेरा उद्यान बघा, तिथे सिंह, हत्ती, गेंडे आहेत.

व्हिसा आणि हवामान
रवांडा, केनिया, युगांडा मिळून १०० डॉलरचा एकच पर्यटक व्हिसा मिळतो. तो ज्या देशाकडून घ्याल, तिथेच आधी उतरावं लागतं. नियम बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा. जून ते सप्टेंबर कोरडा काळ, डोंगर चढायला बरा. मार्च ते मे मोठा पाऊस. पश्चिमेला काँगोच्या सीमेपलीकडे संघर्ष आहे, तिकडे जायचं तर ताजी सूचना बघूनच जा.

तिथे गेल्यावर
प्लास्टिक पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे चिवडा-लाडू डब्यात न्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ ‘उमुगांडा’ म्हणजे गावकीचं श्रमदान असतं. तेव्हा बहुतेक दुकानं बंद, रस्ते ओस. त्या वेळेत प्रवास ठेवू नका. गाड्या उजव्या बाजूने धावतात, रस्ता ओलांडताना जपून.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९९४ मध्ये इथे सुमारे १०० दिवसांत आठ लाखांवर माणसं मारली गेली, त्यात बहुतांश तुत्सी होते. राजधानी किगालीतील गिसोझी स्मारकात अडीच लाखांहून अधिक जणांचे अवशेष आहेत. तिथे जरूर जा, पण कुणालाही ‘तू हुतू की तुत्सी?’ असं विचारू नका. ७ एप्रिलपासून शोकसप्ताह असतो, तेव्हा मौजमजेचे कार्यक्रम नसतात.

थोडक्यात क्रम असा ठेवा: पासपोर्टची मुदत तपासा, लस घ्या, परवाना काढा, व्हिसा करा आणि तिकीट सगळ्यात शेवटी.