जॉन्सनशी अजून वाद घालावा लागतो

सॅम्युअल जॉन्सनने संपादित केलेली शेक्सपिअरची नाटकं १७६५ साली आठ खंडांत बाहेर पडली, तेव्हा वर्गणी भरलेले वाचक नऊ वर्षं तिष्ठत बसले होते. शेक्सपिअर एव्हाना इंग्लंडचं दैवत होऊ लागला होता, त्यामुळे प्रस्तावनेत स्तुतिसुमनं असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. स्तुती होती, आणि तीही भरभरून. पण तिच्याच पाठोपाठ दोषांचा पाढाही होता. कथानकं ढिसाळ आहेत, शेवट घाईघाईने उरकलेले आहेत, सज्जन-दुर्जनांना न्याय देण्याची फिकीर नाही, ट्रोजन युद्धातला हेक्टर शेकडो वर्षांनी जन्मलेल्या अ‍ॅरिस्टॉटलचा दाखला देतो, आणि शाब्दिक कोटीचा मोह तर इतका अनावर की ऐन गंभीर प्रसंगातही हा थोर नाटककार तिच्यामागे धावत सुटतो. विल्यम केनरिक नावाच्या लेखकाने संपादकावर तुटून पडणारं पुस्तक त्याच वर्षी काढलं. ते आज अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. जॉन्सनची प्रस्तावना मात्र जगभरच्या वर्गांत आजही शिकवली जाते.

असं का व्हावं? जॉन्सनचे निकाल अचूक होते म्हणून नव्हे. त्यातले कितीतरी पुढच्या पिढ्यांनी फिरवले. तो टिकला, कारण आपण अमुक मत का देतो हे तो उघडपणे सांगतो आणि वाचकाला त्याच्याशी भांडायला पुरेशी जागा देतो.

त्या काळच्या पंडितांचा शेक्सपिअरवर मोठा आक्षेप होता तो स्थळ आणि काळ यांच्या एकतेचा. नाटक एकाच ठिकाणी, फार तर एका दिवसात घडलं पाहिजे, असा दंडक होता. पहिला अंक अलेक्झांड्रियात आणि दुसरा रोममध्ये घडला, तर प्रेक्षकाचा विश्वास कसा बसणार? जॉन्सनने या नियमाचा पायाच तपासला. रंगमंचाला खरोखर अलेक्झांड्रिया समजणारा माणूस तो पुढच्या क्षणी रोम आहे असंही मानेल. पण मुळात असं कुणी मानतच नाही. आपण नाट्यगृहात बसलो आहोत आणि समोर नट आहेत, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असतं. त्याला हलवतं ते वेगळंच काही: हे आपल्यावर गुदरलं असतं तर, हा विचार. एका साध्या निरीक्षणाने त्याने नियमांच्या मोठ्या डोलाऱ्याचा आधारच काढून घेतला. आज चित्रपट दोन दृश्यांत वीस वर्षं ओलांडतो आणि आपण सहज त्याच्यासोबत जातो. त्यामागचं मर्म जॉन्सनने अडीचशे वर्षांपूर्वी नेमकं पकडलं होतं.

शेक्सपिअरने डेन्मार्कचा राजा दारुडा दाखवला म्हणून व्होल्तेर नाराज होता, आणि रोमचा सिनेटर विदूषकी चाळे करतो म्हणून इंग्लंडमधला समीक्षक जॉन डेनिस. जॉन्सनचं उत्तर असं की शेक्सपिअरला आधी माणूस दिसतो, त्याचा हुद्दा आणि देश नंतर. राजांनाही दारू आवडते.

पण याच जॉन्सनने ‘किंग लिअर’बद्दल जे लिहिलं, ते वाचून आजचा वाचक चमकतो. कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपल्याला इतका धक्का बसला की संपादनाची वेळ येईपर्यंत त्या शेवटच्या प्रसंगांकडे पुन्हा वळण्याचं धाडस झालं नाही, असं तो सांगतो. त्या काळी रंगभूमीवर शेक्सपिअरचा शेवट होतच नसे. नेहम टेटने १६८१ साली केलेल्या रूपांतरात कॉर्डेलिया जगते, तिचं लग्नही होतं, आणि प्रेक्षकांना तेच हवं होतं. जॉन्सननेही प्रेक्षकांच्या बाजूने कौल दिला. आपण त्याला चूक म्हणू. तरीही त्या नाटकाचा घाव किती खोल जातो, याची इतकी खरी साक्ष पुढच्या अनेक विद्वत्तापूर्ण ग्रंथांत सापडत नाही.

हा सडेतोडपणा जॉन्सनच्या आयुष्यातून आलेला होता. १७०९ साली लिचफिल्डच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी तो जन्मला. पैशाअभावी ऑक्सफर्ड जेमतेम वर्षभराने सोडावं लागलं. १७३७ साली तो आपला विद्यार्थी डेव्हिड गॅरिक याच्यासोबत लंडनला आला आणि मासिकांसाठी मिळेल ते लिहून पोट भरू लागला. गॅरिक पुढे इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला नट झाला. जॉन्सनने मात्र गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचा इंग्रजी कोश रचला. काम चालू असताना लॉर्ड चेस्टरफिल्डने त्याची दखल घेतली नाही, आणि १७५५ साली कोश बाहेर पडण्याच्या तोंडावर मात्र त्याचं जाहीर कौतुक केलं. जॉन्सनने त्याला पत्र लिहून असा आश्रय नाकारला. सरदाराच्या मर्जीवर नव्हे, पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकावर लेखकाने जगावं, असा काळ येत होता. त्या वाचकाचा जॉन्सनने शेवटपर्यंत आदर केला.

ऐकीव मोठेपणा तो मानत नसे. जेम्स मॅकफर्सनने ओसियन या प्राचीन गेलिक कवीची काव्यं म्हणून जे प्रसिद्ध केलं, त्याने सारा युरोप भारावला होता. जॉन्सनचा प्रश्न एकच होता: मूळ हस्तलिखितं कुठे आहेत? मॅकफर्सनने धमकीवजा पत्र पाठवलं, तेव्हा पासष्टीच्या जॉन्सनने एक जाडजूड काठी विकत घेतली. गेलिक भाषेच्या लिखित परंपरेविषयीची त्याची समजूत चुकीची होती, हे नोंदवायला हवं. पण मॅकफर्सनने जुन्या लोकगीतांचे धागे घेऊन बरंचसं स्वतःच रचलं होतं, हे पुढे अभ्यासकांनी मान्य केलं.

मराठीत जॉन्सन फार लवकर आला. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचं भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलं आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पूर्ण केलं. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त जॉन्सनचं चरित्रही लिहिलं. ज्या गृहस्थाला इंग्रजी राज्याच्या स्तुतिपाठकांचा मनस्वी तिटकारा होता, त्याला हा इंग्रज लेखक जवळचा वाटावा, हे फार बोलकं आहे. कुणाचीही भीडभाड न ठेवता लेखणीच्या बळावर जगणारा माणूस विष्णुशास्त्र्यांना त्याच्यात दिसला असणार.

जॉन्सनचं शेवटचं मोठं काम म्हणजे १७७९ ते १७८१ या काळात आलेली बावन्न इंग्रजी कवींची चरित्रं. पुस्तकविक्रेत्यांना छोट्या प्रस्तावना हव्या होत्या. मिळाला तो समीक्षेचा ठेवा. त्यात त्याचे पूर्वग्रह लख्ख दिसतात. राजसत्तेचा द्वेष करणारा मिल्टन माणूस म्हणून त्याला सोसत नाही, तरी ‘पॅरडाइज लॉस्ट’चं श्रेष्ठत्व तो निःसंकोच मान्य करतो. मिल्टनचीच ‘लिसिडस’ ही कविता मात्र तो झिडकारतो. बुडून मेलेल्या मित्रासाठी शोक करणारा माणूस मेंढपाळाचं सोंग घेऊन देवदेवता गोळा करत बसेल का, असा त्याचा सवाल आहे. ‘लिसिडस’ला थोर म्हणणाऱ्या प्रत्येकाला आजही या सवालाचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते देताना कविता अधिक नीट वाचावी लागते. जॉन डन आणि त्याच्या पंथातल्या कवींच्या ओढूनताणून आणलेल्या कल्पनांवर त्याने ठपका ठेवला. १९२१ साली टी. एस. एलियटने या कवींची बाजू घेतली, पण जॉन्सनशी मतभेद करणं धोक्याचं आहे हेही त्याच निबंधात नोंदवलं.

टॉमस ग्रेच्या बाबतीत जॉन्सनची खरी कसोटी लागली. ग्रे त्याला माणूस म्हणून आवडत नव्हता, आणि त्याची ओड-काव्यं तर कृत्रिम वाटत. चरित्रात तो एकेक ओळ घेऊन दोष काढत जातो. मग खेड्यातल्या दफनभूमीवरची ती प्रसिद्ध विलापिका येते आणि सूर पालटतो. इथे सामान्य वाचकाशी आपण आनंदाने सहमत आहोत, असं तो लिहितो. पांडित्याचे पूर्वग्रह नसलेल्या अशा वाचकांनीच कवीचा मान अखेर ठरवायचा असतो, असंही सांगतो. विलापिकेतली काही कडवी त्याला अपूर्व वाटली: यातला विचार आपण आणखी कुठे वाचलेला नाही, आणि तरी वाचणाऱ्याला तो कायम आपल्याच मनात होता असं वाटतं. व्हर्जिनिया वुल्फने १९२५ साली आपल्या निबंधसंग्रहाला या सामान्य वाचकाचंच नाव दिलं, आणि पहिल्याच पानावर जॉन्सनच्या या वाक्याचा हवाला देऊन विद्यापीठाबाहेरच्या, केवळ आनंदासाठी वाचणाऱ्या माणसाची बाजू मांडली.