गाडीचा खडखडाट

ईदगाह टेकडीचा उतार संपत आला आणि मी ब्रेकवर पाय ठेवला, की आमच्या मोटारीच्या पुढील डाव्या चाकापाशी ‘ठक्’ असा आवाज होई. पाय काढला, की पुन्हा ‘ठक्’. मोटार म्हणजे दोन घरे फिरून आमच्याकडे आलेली मारुती ८००. या मोटारीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक मारुती ८०० वयस्करच समजावी. एका कार्यशाळेत ती दाखविली, तर तेथील गृहस्थांनी चारही शॉकअप, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा आणि आर्म बदलण्याचा सल्ला तत्काळ दिला. खर्चाचा आकडा माझ्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक होता. आणि दिवाळीत याच मोटारीने सासूबाईंना व मुलाला घेऊन घाट उतरून मडगावास जाण्याचा आमचा बेत होता.

मी इतिहास शिकविते. यंत्रांशी माझा संबंध शिलाई-यंत्रापुरता. परंतु नाडी न पाहताच वैद्याने औषधांची यादी हाती ठेवावी, तसा हा प्रकार मला वाटला. म्हणून मी जुन्या शहरातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. सारा मोहल्ला त्यांना ‘उस्ताद’ म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडलेही नाही. एवढेच विचारले, “आवाज कब आती है, बहनजी?”

कोठून नव्हे, केव्हा! आवाज लोखंडातून प्रवास करतो आणि कानाला चकवितो. डावीकडचा उजवीकडे भासतो. त्याची वेळ मात्र सहसा फसवीत नाही.

हे कसे, ते समजण्यासाठी प्रथम मोटारीच्या पायांची रचना पाहू. चाक खड्ड्यात गेले तरी आतील माणसांस धक्का बसू नये, म्हणून चाक व सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते. टांग्याच्या खाली लोखंडी पट्ट्यांची कमान आपण पाहिली असेल. तसल्या लंबवर्तुळाकार कमानीचा हक्क लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ मध्ये नोंदविला. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या मागच्या चाकांवर असेच पाटे असत. मारुतीच्या पुढच्या चाकांवर पाट्यांऐवजी वेटोळ्याची स्प्रिंग असते. स्प्रिंगवर जितका भार अधिक, तितकी ती अधिक दबते, हा रॉबर्ट हुकचा नियम विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. पण स्प्रिंगचा एक मोठा दोष असा, की एकदा दबली की ती उसळतच राहते. तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून त्या तेलाला कष्टाने वाट काढावी लागते. त्या कष्टात उसळीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन विरून जाते. याखेरीज जेथे जेथे लोखंडाला लोखंड जोडलेले असते तेथे रबराचे बुश असतात, आणि चाक वळतेही व वरखालीही होते त्या ठिकाणी बॉल जॉइंट असतो.

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे वळू. ब्रेक लावताना व सोडताना ‘ठक्’ होत असेल, तर आर्मचे किंवा आडव्या दांड्याचे बुश झिजलेले असण्याचा संभव अधिक. कारण त्याच क्षणी चाक मागेपुढे ओढले जाते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताना कुरकुर झाली, तर शॉकअपच्या वरच्या टोकाचे बेअरिंग पाहावे. आवाज मुळीच नाही, परंतु गतिरोधक ओलांडल्यावर गाडी होडीसारखी डुलत राहते, तर दोष शॉकअपचा. गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. स्प्रिंग बसली असेल तर फरक तेथे दिसतो.

परीक्षेला आरंभ मात्र फुकटच्या गोष्टींपासून करावा. उस्तादांनी टायरमधील हवा पाहिली आणि डिकी उघडली. तेथे जॅक सुटा पडला होता! अर्धा खडखडाट तेथेच संपला. मग त्यांनी गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडला. तीन कोपरे वर येऊन स्थिरावले. पुढचा डावा दोनतीनदा हेलकावला. त्या शॉकअपवर तेलाचा ओला ओघळही होता. आणखी एक खूण त्यांनी सांगितली. खडबडीत रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकअपला जपून हात लावून पाहावा. बाकीचे कोमट असता एखादाच थंड राहिला, तर तो काम करीत नाही. शेवटी चाक उचलून, गाडी भक्कम स्टँडवर टेकवून, त्यांनी चाक वरून व खालून धरून हलविले. बॉल जॉइंट सैल निघाला. तो निखळला तर चाकच आडवे होते. घाटात हे घडले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. कार्यशाळेच्या त्या लांबलचक यादीत बॉल जॉइंटचे नावही नव्हते.

बुश व बॉल जॉइंट त्याच दिवशी बदलले. येथे एक बारकावा आहे, आणि घाईच्या कामात तो हटकून चुकतो. रबरी बुशांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावर आवळायचे. तसे न केल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व नवे बुश लवकरच फाटतात. शॉकअप बदलायचे तर एका आसावरचे दोन्ही बदलावे, म्हणजे गाडी ब्रेक लावताना समतोल राहते. जुन्या शॉकअपात जाड तेल भरून, रंग देऊन विकतात, ते स्वस्त म्हणून घेऊ नये. मात्र पुढच्या शॉकअपवरील स्प्रिंग घरी सोडविण्याचे धाडस कोणीही करू नये. ती दबलेल्या अवस्थेत असते. योग्य शिकंज्यावाचून सुटली तर जीव घेते. कामानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर वाचविलेले पैसे टायरांत जातात.

आपल्या भोपाळात हे भाग लवकर का झिजतात, असे मी विचारले, तेव्हा उस्तादांनी बुटाने जमीन उकरून दाखविली. माळव्याची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्या पाठीवरचा डांबरी रस्ता तरी सरळ कसा राहील? भूगोलाच्या तासाला मी हे कित्येकदा ऐकले होते, पण माझ्या बुशांशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

एकूण खर्च कार्यशाळेच्या आकड्याच्या पाचव्या भागाहूनही कमी आला. मागचे शॉकअप व चारही स्प्रिंगा ठणठणीत निघाल्या. पुढच्या शॉकअपची जोडी घेण्याइतके पैसे मात्र त्या महिन्यात उरले नाहीत. तोवर गाडी शहरातच, आणि हळू, चालवायची असे ठरले. त्या दिवाळीला आम्ही मंगला एक्स्प्रेसने मडगावास गेलो. सासूबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली.