तक्रार अर्जाचा प्रवास आणि तक्रारदाराचे नाव

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे मोठे गाव लागते. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांचा येथे नित्य राबता असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत येथील नागरिकाला जिल्हाधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे घालण्यासाठी अकोला गाठावे लागे. आता ते अंतर राहिलेले नाही. मात्र कार्यालय जवळ आले की तक्रार केल्याची वार्ताही तितक्याच लवकर गावात परत येते, ही या सोयीची दुसरी बाजू होय.

समजा, अशा एखाद्या गावातील एका वृद्ध विधवेने अर्ज केला की, अंत्योदय शिधापत्रिकेवर दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क असता रास्त भाव दुकानातून तिला धान्य कमी मिळते. अर्जावर तिचे नाव, पत्ता, शिधापत्रिकेचा क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक आहे. सोबत आधार कार्डाची आणि, कोणी तरी सांगितले म्हणून, बँकेच्या पासबुकाचीही छायाप्रत आहे. अर्ज जिल्हा कार्यालयाच्या आवक शाखेत नोंदला जातो, पुरवठा शाखेकडे जातो, तेथून तहसील कार्यालयाकडे आणि पुढे निरीक्षकाकडे येतो. प्रत्येक टप्प्यावर एक पृष्ठांकन चढते: ‘मूळ अर्ज सोबत जोडला आहे. उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.’ शेवटी निरीक्षक तोच अर्ज दुकानदारापुढे ठेवतो आणि खुलासा मागतो. या साखळीत कोणीही लाच घेतलेली नाही वा कर्तव्यात कसूर केलेली नाही. उलट प्रत्येकाने कागद वेळेत पुढे पाठविला आहे. तरीही पुढच्या महिन्यात त्या बाईला त्याच दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवावयाचा असतो, आणि आता दुकानदाराला तिचे नाव ठाऊक असते.

तक्रार निवारणाची चर्चा आपल्याकडे बहुधा किती दिवसांत निकाल लागला या प्रश्नाभोवती फिरते. तक्रारदाराची माहिती किती हातांतून गेली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वस्तुतः हा प्रश्न नवा नाही आणि महाराष्ट्राच्या कायद्याने त्याचा विचार अर्ध्या शतकापूर्वीच केला आहे.

लोक आयुक्तांच्या कायद्याची दृष्टी

मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये नागरिकांच्या गाऱ्हाण्यांविषयी आपला अंतरिम अहवाल सादर केला. लोकपाल व लोक आयुक्त या संस्थांची शिफारस त्यात होती. या संस्थांचे अन्वेषण खासगी रीतीने व्हावे, असेही आयोगाने सुचविले होते. त्या शिफारशींना अनुसरून महाराष्ट्राने लोक आयुक्त व उप-लोक आयुक्त अधिनियम, १९७१ संमत केला आणि १९७२ मध्ये हे कार्यालय प्रत्यक्षात सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश एस. पी. कोतवाल हे राज्याचे पहिले लोक आयुक्त होत.

या अधिनियमाच्या कलम १० ने असे ठरविले की, अन्वेषण जाहीर रीतीने होणार नाही. तक्रारदार कोण आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो लोकसेवक कोण, हे अन्वेषणापूर्वी, अन्वेषण चालू असताना वा ते संपल्यावरही जनतेला किंवा वृत्तपत्रांना कळविले जाणार नाही. निश्चित सार्वजनिक महत्त्वाची बाब असेल तरच, कारणे लेखी नमूद करून, जाहीर अन्वेषणाची मुभा ठेवण्यात आली. कलम १४ ने अन्वेषणात मिळालेली माहिती व नोंदविलेला पुरावा गोपनीय ठरविला, आणि तो उघड करण्यास लोक आयुक्तांना वा त्यांच्या कर्मचाऱ्यांना न्यायालयही भाग पाडू शकणार नाही, इतके संरक्षण त्यास दिले. येथे कायद्याने दोघांचीही नावे झाकली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सिद्ध न झालेल्या आरोपाने लोकसेवकाचीही अप्रतिष्ठा होऊ नये, हा त्यामागील हेतू दिसतो.

कलम ९ मधील एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. पोलीस कोठडीतील, तुरुंगातील किंवा मनोरुग्णालयातील व्यक्तीने लोक आयुक्तांना लिहिलेले पत्र तेथील अधिकाऱ्याने न उघडता आणि विलंब न लावता पुढे पाठवावे, अशी ती तरतूद होय. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याच्याच हातून त्याची तक्रार जाणार असते. म्हणून त्या हाताला पाकीट उघडण्याची मनाई. अनसिंगची विधवा कोणाच्या कोठडीत नाही हे खरे. परंतु तिचे धान्य ज्याच्या तराजूतून येते त्याच्याविषयीची तिची तक्रार त्याच्याच हाती जाऊ नये, हे तत्त्व वेगळे नाही.

तथापि या कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. अन्वेषण करावयाचे ठरले की तक्रारीची प्रत संबंधित लोकसेवकास व सक्षम प्राधिकाऱ्यास द्यावी, असे त्याच कलम १० मध्ये म्हटले होते. म्हणजे गुप्तता जनतेपासून होती, आरोपितापासून नव्हती. ज्याच्यावर दोष ठेवला जातो त्याला तो दोष नेमका काय आहे हे कळलेच पाहिजे, अन्यथा तो उत्तर कशाचे देणार? हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे. (१९७१ च्या अधिनियमाची जागा घेणारे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये व विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले.)

निनावी आणि गोपनीय

काहींना वाटते की, नाव न लिहिता अर्ज टाकावा म्हणजे प्रश्न मिटला. निनावी अर्ज सामान्यतः दप्तरी दाखल होतो आणि ते सर्वस्वी अयोग्यही नाही. त्यात अधिक विचारणा करता येत नाही, शिवाय वैर साधण्यासाठी असे अर्ज सर्रास लिहिले जातात, याचा अनुभव प्रत्येक मुख्याध्यापकाला व सरपंचाला असतो. निनावी तक्रारीत नाव कोणालाच ठाऊक नसते. गोपनीय तक्रारीत ते एका जबाबदार अधिकाऱ्याला ठाऊक असते आणि तो ते पुढे जाऊ देत नाही. कार्यालयाने जोपासावयाचा तो हा दुसरा प्रकार.

या भेदाची किंमत देशाने फार मोठी मोजली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. पत्र त्यांच्या नावासह निरनिराळ्या कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. ती लुटीच्या उद्देशाने झाली, असा निष्कर्ष पुढे तपास यंत्रणेने काढला. परंतु नाव फिरले ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्र शासनाने एक ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगास अशा तक्रारींसाठी नियुक्त केले.

त्या ठरावाखालील कार्यपद्धती साधी आहे. तक्रार बंद पाकिटात यावी, पाकिटावर ती या ठरावाखालील असल्याचे लिहावे, पण पाठविणाऱ्याचे नाव बाहेर नसावे. नाव व पत्ता मजकुराच्या आरंभी, शेवटी किंवा वेगळ्या पत्रात असावा. आयोग प्रथम तक्रारदाराची ओळख पडताळून पाहतो आणि मग पुढे पाठवावयाच्या कागदावरून ती वगळतो. हा ठराव केंद्राच्या अखत्यारीतील कार्यालयांपुरता असला, तरी ही युक्ती कोणत्याही तहसील कार्यालयाला वा पंचायत समितीला उचलण्यासारखी आहे. तिला वेगळा निधी लागत नाही. मूळ अर्ज जेथे आला तेथेच कुलपात ठेवावा आणि खाली फक्त गोषवारा पाठवावा, एवढेच करावयाचे असते.

गावात गोषवारा पुरत नाही

येथे खेड्याची अडचण सुरू होते. शहरात तक्रारदार हा एक क्रमांक असतो; गावात त्याचे अक्षरसुद्धा ओळखले जाते. ‘अमुक प्रभागातील एका वृद्ध अंत्योदय लाभार्थी विधवेची तक्रार’ असा गोषवारा केला, तर नाव न लिहिताही नाव लिहिल्यासारखेच झाले. अशा दोनच बायका त्या प्रभागात असतील.

यास्तव चौकशीची रीतच बदलावी लागते. निरीक्षकाने एका शिधापत्रिकेची चौकशी केली की तक्रारदार उघडा पडतो. त्याने दुकानाच्या सर्व शिधापत्रिकांची दोन महिन्यांची नोंद यंत्रावरून काढली, त्यांतील वीस-पंचवीस घरांना भेट देऊन प्रत्यक्ष किती धान्य मिळाले ते विचारले आणि त्या घरांत तक्रारदाराचेही एक घर ठेवले, तर माहिती अधिक पक्की मिळते आणि नावही झाकलेले राहते. दुकानदाराला खुलाशासाठी आकडे मिळतात, आणि खुलासा त्याने आकड्यांचाच करावयाचा असतो. नैसर्गिक न्यायाला त्यात बाधा येत नाही, कारण त्याच्यावरील ठपका आता त्या बाईच्या शब्दावर उभा नसून नोंदीवर उभा आहे. जबाब चावडीवर चारचौघांत न घेता घरी किंवा तहसीलीत घ्यावा, हेही ओघानेच आले. काही तक्रारींत मात्र हे साधत नाही. आपल्याच शेतीच्या फेरफाराची नोंद अडली असेल, तर तक्रारदार लपविता येणार नाही. तेथे तसे त्याला आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे तो समजून-उमजून पुढे जाईल.

जिल्हास्तरावरील लोकशाही दिनही याच वर्गातला आहे. त्यात वैयक्तिक स्वरूपाच्या अडचणी अधिकाऱ्यांसमोर मांडल्या जातात आणि तेथे अर्जदार समोरच उभा असतो. ज्याला नाव झाकून तक्रार करावयाची आहे त्याची ती जागा नव्हे, हे अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकाने सांगितले तर पुष्कळ मनस्ताप वाचेल.

कोणती माहिती उघडी, कोणती झाकलेली

गोपनीयतेचे नाव घेऊन सारेच कागद कपाटात बंद करण्याची प्रवृत्तीही काही कार्यालयांत आढळते. ती या विषयाला मारक आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम २७ नुसार सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे अभिलेख लोकांना पाहण्यास खुले असावयास हवेत. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जाते ती याचसाठी. धान्य कोणास मिळावयाचे हे गावाने जाणावे. धान्य मिळाले नाही असे कोण म्हणाले हे गावाने जाणण्याचे कारण नाही. त्याच यादीत आधार क्रमांक छापणे मात्र गैर आहे, कारण आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ ने तो सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. तक्रारीसोबत पासबुकाची प्रत मागण्याचे प्रयोजन तर रकमेचा प्रश्न असल्याखेरीज नसतेच. जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळावी लागत नाही.

आता समजा, दुकानदाराने माहिती अधिकाराखाली अर्ज केला की, माझ्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत द्या. जनमाहिती अधिकाऱ्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(छ) नुसार, जी माहिती उघड केल्याने कोणाच्या जीवितास वा शारीरिक सुरक्षिततेस धोका पोचेल, किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणारा ओळखला जाईल, ती नाकारता येते. कलम १० प्रमाणे नाव व ओळखीचा भाग वगळून उरलेला मजकूर देता येतो. हस्तलिखित अर्ज असेल तर नावावर शाई फिरविणे पुरेसे नाही. मजकूर टंकलिखित करून द्यावा लागेल. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती देण्याचा विचार असेल, तर कलम ११ नुसार पाच दिवसांत त्यास सूचना द्यावी लागते आणि म्हणणे मांडण्यास त्यास दहा दिवस मिळतात. ही सूचना तरी बंद पाकिटातून जावी!

वैयक्तिक माहितीविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय या भागाशी निगडित आहे. अकोला येथील भविष्य निर्वाह निधीच्या उपप्रादेशिक कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयी २००८ मध्ये माहिती मागविण्यात आली होती. त्यास मिळालेले ज्ञापन, शिक्षा, मालमत्ता, प्राप्तिकर विवरणपत्रे असे तिचे स्वरूप होते. गिरीश रामचंद्र देशपांडे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ही वैयक्तिक माहिती ठरविली आणि व्यापक जनहित दाखविल्याखेरीज ती देता येणार नाही, असे म्हटले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला आणि त्यातील जनहिताची अट त्या खंडातून गेली. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद मात्र कायम आहे. या बदलाचा आधार घेऊन तक्रारदाराचे नाव झाकणे योग्य होईल. चौकशीचा निष्कर्ष आणि केलेली कारवाई झाकणे योग्य होणार नाही. दोहोंतील फरक अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच ठरवावा लागेल.

राहता राहिल्या कार्यालयातील नित्याच्या गोष्टी. आवक नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असते आणि कामासाठी आलेला कोणीही तीत डोकावतो. गोपनीय तक्रारीची नोंद वेगळ्या वहीत घ्यावी आणि ती अधिकाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. अर्जाचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते ‘माहितीस्तव’ तालुक्याच्या समूहावर टाकण्याची नवी सवय तर ताबडतोब मोडली पाहिजे, कारण अशा समूहात कोण कोणाचा भाचा आहे हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि अर्जदारास द्यावयाचे उत्तर, ‘आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने’ असा विषय ठळक लिहिलेल्या उघड्या कार्डावर, ग्रामपंचायतीच्या शिपायाहाती पाठवू नये.